काळ्या घोड्याशी जेवायचं कुठे?

जानेवारी संपत आला की जालन्याकडची चित्रकला शिकणारी पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात. 'काळा घोडा फेस्टिव्हलला निघालोय, तिथे परवडेल असं जेवायला कुठे मिळेल?' रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, हुतात्मा चौकावरून चालत वीस-पंचवीस मिनिटांत काळा घोडा गाठायचा. फेस्टिव्हल बघायला तिकीट नाही. खिशात हात घालायची वेळ येते ती दुपारी दीड वाजता.

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. अंगारकीला राजूरच्या गणपतीला रात्रभर पायी जाणाऱ्यांना वाटेत जागोजागी कुणी चहा देतं, कुणी साबुदाण्याची खिचडी. जत्रा म्हटली की पाळणे, तमाशाचा तंबू, भज्यांचा घाणा आणि भंडारा हे सगळं एकाच मैदानात असतं. बघायला आलेला माणूस भुकेला असणार, हे जत्रेने धरलेलंच असतं.

मुंबईच्या या कलेच्या जत्रेनेही एके काळी ते धरलं होतं. ती सोय कुणी केली आणि ती कुठे गेली, ही गोष्ट मला फेस्टिव्हलच्या इतिहासाइतकीच महत्त्वाची वाटते.

आधी घोड्याबद्दल. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, 1875 साली मुंबईत आला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा शहराला दिला. लोकांनी राजपुत्राकडे लक्ष दिलं नाही आणि चौकाला घोड्याचं नाव दिलं. 1965 मध्ये पुतळा तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. चौकाचं नाव मात्र राहिलं. सध्या तिथे दिसणारा स्वाराविना घोडा 2017 चा. आणि ज्यासाठी आपण गाडी पकडतो तो फेस्टिव्हल 1999 पासूनचा.

पण इथे चित्रकार जमायला लागले ते त्याच्या कितीतरी आधी. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये उघडली. तिच्या समोरचं चेतना त्याहून जुनं, 1946 चं. सुधाकर दीक्षितांनी सुरू केलेलं हे शाकाहारी थाळीचं हॉटेल, पण तिथे नुसतं जेवण नव्हतं. जहांगीर नव्हती त्या काळात चित्रांची प्रदर्शनं चेतनात भरत. सोबत पुस्तकांचं दुकान होतं, प्रकाशनही होतं. निसर्गदत्त महाराज खेतवाडीतल्या घरी मराठीत बोलायचे. त्या संवादांचं 'आय ॲम दॅट' हे इंग्रजी पुस्तक पुढे जगभर गेलं, ते 1973 मध्ये याच चेतनाने काढलं. थाळी, चित्रं आणि अध्यात्म एका छपराखाली. आजच्या भाषेत याला 'कल्चरल स्पेस' म्हणतील आणि पाण्याच्या बाटलीचे दीडशे लावतील.

खरी सोय केली ती सामोवारने. जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर 1963 मध्ये केकू गांधींची केमोल्ड गॅलरी आली आणि पुढच्याच वर्षी, 1964 मध्ये, खाली उषा खन्ना यांनी सामोवार काढलं. जागा अरुंद आणि लांबलचक, रेल्वेच्या डब्यासारखी. एका अंगाला म्युझियमची हिरवळ. खिमा पराठा, पुदिन्याचा चहा, पेरूचा रस. पंचतारांकित काहीच नाही. हुसेन तिथे बसत, आणि ज्याचं एकही चित्र विकलं गेलेलं नाही असा मुलगाही शेजारच्या टेबलावर बसे. एका चहावर दोन-दोन तास बसलं तरी कुणी उठवायला येत नसे, असं तिथे बसलेली माणसं अजून सांगतात.

ही गोष्ट बारीक वाटते, पण विचार करा. जहांगीरमध्ये प्रदर्शन लागलेला चित्रकार आठवडाभर तिथेच असतो. गिऱ्हाईक, समीक्षक, गॅलरीवाला केव्हा येईल याचा नेम नाही. त्याला दिवसभर जवळपास राहायचं असतं, आणि जवळपास राहायचं तर बसायला आणि खायला जागा लागते. घर मलबार हिलवर असेल तर प्रश्न नाही. तो नालासोपाऱ्याहून आला असेल, किंवा भोकरदनहून, तर त्याचं तिथे टिकणं खिमा पराठ्याच्या दरावर ठरतं. चित्रकलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत कॅनव्हास येतो, रंग येतात, चळवळी येतात. या बिलाबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं.

लेखकांचंही तसंच होतं. रॅम्पार्ट रोवर वेसाइड इन नावाचं हॉटेल होतं. बाबासाहेब आंबेडकर तिथे बसून लिहीत, अशी आठवण सांगितली जाते. अरुण कोलटकर आणि मित्रमंडळी दर गुरुवारी दुपारी तिथे जमत. कोलटकर जे. जे.त शिकलेले, जाहिरातीत काम केलेले, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे कवी. त्या टेबलावरून समोरचा तिकोना चौक दिसायचा: झाडूवाल्या बायका, भटकी कुत्री, फुटपाथवर संसार करणारी माणसं. वर्षानुवर्षं ते बघून त्यांनी 'काळा घोडा पोएम्स' लिहिल्या. पुस्तक 2004 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, आलं.

त्यातली सगळ्यात मोठी कविता न्याहारीवर आहे, हे मला फार आवडतं. एक बाई इडल्यांचा डबा घेऊन चौकात येते आणि ज्यांना कुठल्याच हॉटेलात शिरता येत नाही ती माणसं तिच्याभोवती गोळा होतात. इडल्या संपतात, बाई जाते, चौक रिकामा होतो. भोवती एवढी कलादालनं असताना कवीला त्या चौकाचा सगळ्यात भरलेला क्षण इडलीच्या डब्याभोवती दिसला.

आता ही यादी मिटत कशी गेली ते पटकन सांगते, कारण ते ऐकायला काही गंमत नाही. वेसाइड इन बंद झालं आणि कोलटकरांचा कट्टा फोर्टमधल्या मिलिटरी कॅफे या इराण्याकडे गेला. सामोवार आणि गॅलरी यांच्यात जागेवरून बरीच वर्षं वाद चालला आणि मार्च 2015 च्या अखेरीस सामोवारने शटर ओढलं. शेवटच्या दिवसांत रांगा लागल्या होत्या. पुढच्या वर्षी समोरचं रिदम हाऊसही गेलं. आजूबाजूला नवी हॉटेलं आली, चांगली आहेत, पण तिथलं मेन्यूकार्ड हातात घेतल्यावर आमच्याकडचं पोरगं आधी उजवीकडचा आकडा वाचतं.

सरकारनेही मधे या भुकेची दखल घेतली होती. 1995 मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. पुढे योजना गुंडाळली गेली आणि बऱ्याच केंद्रांच्या टपऱ्यांवर वडापाव तळायला लागले. 2020 च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तीही नेमकी दुपारच्या वेळेत मिळणारी. या दोन्ही योजना मजूर डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या. कॉलेजातला चित्रकार त्यात बसतो की नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. त्याने खाल्लं एवढं खरं.

तर मग, उत्तर. फोर्टमध्ये स्वस्त जेवण आहे. उडप्याची राईस प्लेट आहे, इराण्याचा खिमा-पाव आहे, गल्लीबोळांत सँडविच आणि डोशाच्या गाड्या आहेत. फक्त हे सगळं ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालतं. म्हणून एक ते दोन तिथे फिरकू नका, साडेबाराच्या आत जेवून घ्या. आणि शक्यतो रविवारी जाऊ नका. रविवारी ऑफिसं बंद, म्हणून यातली बरीच ठिकाणंही बंद. फेस्टिव्हलला सगळ्यात मोठी गर्दी लोटते तो दिवस नेमका हाच. बाहेरगावच्या माणसाला सुट्टी रविवारीच मिळते, हे त्या उडप्याला कोण सांगणार? त्या दिवशी सोबत दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ठेवा. प्रवासातही टिकतात.

चेतना अजून आहे, त्याच जागी. थाळी आता विद्यार्थ्याच्या खिशाची राहिलेली नाही, पण चौघांनी वर्षातून एकदा पैसे साठवून खावी अशी आहे.

आणि डबा उघडायचा तर जहांगीरबाहेरच्या फुटपाथजवळ उघडा. तिथे चित्रकार आपली चित्रं कठड्याला टेकवून दिवसभर उभे असतात. आत भिंत मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून हे बाहेर. दोनच्या सुमाराला त्यातले काही जण चित्रांच्या आडोशाला बसून जेवतात. मागच्या खेपेला मी माझं धपाटं पुढे केलं तेव्हा त्यातल्या एकाने पहिला घास घेतला आणि विचारलं, 'मराठवाड्याकडच्या का तुम्ही?' तो परतूरचा निघाला. चटणी त्याने पाहिजे म्हणून मागून घेतली.