एंजिन-तेल बदलाचा कालावधी

एंजिन-तेल बदलाचा कालावधी : मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन एंजिनातील वापरलेले वंगण तेल काढून टाकून नवे भरण्याच्या दोन वेळांमधील अंतर वा मुदत. हा कालावधी म्हणजे तेलाचा अंगभूत गुणधर्म नव्हे. एंजिनाची रचना, इंधनाची प्रत, तेल गाळण्याची सोय व गाडी चालविण्याची रीत या सर्वांवर तो अवलंबून असतो. त्यामुळेच सु. शंभर वर्षांत तो जवळजवळ दहापट झाला. मात्र लोकांच्या सवयी त्यामानाने सावकाश बदलल्या.

दट्ट्याच्या कड्यांमधून निसटणारे ज्वलनवायू काजळी, पाणी, अम्ले व न जळलेले इंधन तेलात आणून सोडतात. तापलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन ते दाट होत जाते. एंजिन पुरेसे तापले नाही, तर पाण्याची वाफ होऊन ते निघून जात नाही व चिकट गाळ साचतो. यामुळे रोज दोन-तीन किमी. चालणाऱ्या गाडीचे तेल लांब पल्ल्याच्या गाडीतील तेलापेक्षा कमी अंतरात खराब होते. ही गोष्ट गाडीच्या मालकास सहसा पटत नाही.

फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी (१९०८–२७) या गाडीत तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. फिरत्या चक्राने उडविलेल्या तेलावरच वंगणक्रिया चाले. नव्या गाडीचे तेल पहिल्या ४०० मैलांनंतर व पुढे दर ७५० मैलांनी (सु. १,२०० किमी.) बदलावे, अशी सूचना कंपनी देत असे. त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांचा व साध्या खनिज तेलाचा विचार करता ही सूचना योग्यच होती. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तेलाची गाळणी आली. परंतु सुरुवातीच्या गाळण्यांमधून तेलाचा काही भागच जात असे.

खरा बदल रसायनशास्त्रामुळे झाला. १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिनांच्या दट्ट्यांच्या कड्या मळीने अडकू लागल्याने तेलात प्रक्षालक द्रव्ये घालण्यास सुरुवात झाली. १९४० नंतर जस्ताच्या डायथायोफॉस्फेटांमुळे ऑक्सिडीकरण व झीज या दोहोंस आळा बसला. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने एंजिन-तेलांचे तीन वर्ग ठरविले. १९६० नंतर एंजिनाच्या तळातील वायू पुन्हा ज्वलनासाठी ओढून घेणारी झडप अमेरिकेत सार्वत्रिक झाली व गाळ कमी झाला. शिशाच्या पेट्रोलात शिसे बाहेर टाकण्यासाठी घातलेल्या क्लोरीन व ब्रोमीन संयुगांपासून तीव्र अम्ले तयार होत. शिसेविरहित पेट्रोल अमेरिकेत १९७५ च्या सुमारास व मुंबईसह भारतातील चार महानगरांत १९९५ मध्ये मिळू लागले. संपूर्ण भारतात शिशाचे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. १९७४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘मोबिल १’ या संश्लेषित तेलाच्या जाहिरातीत तर २५,००० मैलांचा दावा होता.

असे असूनही अमेरिकेत ३,००० मैल (सु. ४,८०० किमी.) किंवा तीन महिने हा संकेत पुढे कित्येक वर्षे टिकला. गाडीच्या उत्पादकाची पुस्तिका अधिक अंतर सांगत असली, तरी झटपट तेलबदल करणारी दुकाने जुनाच आकडा सांगत; त्यात त्यांचे हित होते हे उघड आहे. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या नियतकालिकाने न्यूयॉर्कमधील ७५ टॅक्सींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालवूनही ३,००० व ६,००० मैलांनी तेल बदललेल्या एंजिनांच्या झिजेत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. तथापि टॅक्सीचे एंजिन क्वचितच थंड होते. म्हणून हा निष्कर्ष घरगुती गाडीला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न जनरल मोटर्सच्या शर्ली श्वार्ट्स व डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी १९८०–९० या दशकात केला. त्यांच्या पद्धतीत तेलाचे प्रत्यक्ष परीक्षण होत नाही. एंजिनाचे फेरे व तेलाचे तापमान यांवरून गणिताने उरलेले आयुष्य काढतात. पुढे अशी सूचक यंत्रणा अनेक उत्पादकांनी स्वीकारली. युरोपात विशिष्ट तेलांसह ३०,००० किमी. वा दोन वर्षांपर्यंतची मुदतही देण्यात आली. भारतातील अनेक गाड्यांसाठी ती १०,००० किमी. किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. धुळीच्या प्रदेशात वा सतत थोड्या अंतरासाठी वापर असल्यास पुस्तिकेतच कमी मुदत दिलेली आढळते.

वेळेआधी बदललेले तेलही टाकाऊ तेलच ठरते. झिजलेल्या धातूंचे कण व ज्वलनातून आलेली हानिकारक संयुगे त्यात असतात व ते गटारात किंवा जमिनीत ओतल्यास पाणी दूषित होते. भारतात त्याची गणना घातक अपशिष्टांत होते. योग्य रीतीने गोळा केल्यास त्याचे पुनःशुद्धीकरण करून मूळ तेल पुन्हा मिळविता येते.