बेल्लंदूरच्या तळ्यावरील विमाने

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 फूट उंचीवर, पठारी प्रदेशात वसले आहे. पूर्वेचा किंवा पश्चिमेचा, कोणताही सागरकिनारा तेथून दीडशे मैलांच्या आत नाही. असे असूनही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ह्या शहरालगतच्या बेल्लंदूर तलावावर समुद्रावर पहारा करणारी विमाने उतरत असत. ही घटना वरवर नवलाची वाटते. परंतु तिच्यामागे भारतीय उद्योगाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण दडलेले आहे.

ही विमाने ‘कॅटालिना’ जातीची होती. त्यांचे पोट नावेच्या आकाराचे असे, पंखांचा विस्तार 104 फूट असे, आणि एकदा आकाशात गेल्यावर ती सारी रात्र समुद्रावर घिरट्या घालू शकत. त्यांचे महत्त्व 1942 च्या एप्रिलमध्ये साऱ्या जगास पटले. त्या महिन्याच्या 4 तारखेस सिंहलद्वीपाच्या दक्षिणेस गस्त घालणाऱ्या एका कॅटालिनाने जपानी आरमार हेरले. स्क्वाड्रन लीडर बर्चल ह्यांचे हे विमान शत्रूने पाडले. तथापि त्यांचा संदेश कोलंबोस पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर आणि 6 तारखेस विशाखापट्टण व काकिनाडा येथे बाँब पडले. हिंदी महासागर आता सुरक्षित राहिला नाही, हे उघड झाले.

त्यानंतर कराचीजवळील कोरंगीची खाडी आणि मद्रासजवळील रेड हिल्सचा तलाव येथे कॅटालिनांची ठाणी सज्ज झाली. ब्रिटिश विमानदलाचे 191 क्रमांकाचे पथक 1943 साली कोरंगी येथे उभे राहिले आणि 1945 साली विसर्जितही झाले. अवघ्या दोन वर्षांचे हे आयुष्य! युद्धाच्या गरजेतून जन्मास यावे आणि गरज सरताच नाहीसे व्हावे, हेच अशा पथकांचे विधिलिखित असते. परंतु पथक अल्पायुषी असले तरी त्याच्या विमानांना जगविणारे हात कोठे तरी असावे लागतात. खाऱ्या पाण्याने धातू गंजतो, दीर्घ उड्डाणांनी इंजिने झिजतात. एवढी मोठी विमाने उकलून पुन्हा जोडण्याची सोय भारतात जेथे होती, ते ठिकाण म्हणजे बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना.

हा कारखाना मूळचा विमानदुरुस्तीसाठी निघालेला नव्हता. सोलापुरात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद ह्यांनी भारतात विमाने बांधण्याचा ध्यास घेतला होता. अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली ह्यांचे साहाय्य त्यांनी मिळविले; म्हैसूर संस्थानाने, दिवाण सर मिर्झा इस्माईल ह्यांच्या कारकीर्दीत, जमीन व भांडवल दिले; आणि 23 डिसेंबर 1940 रोजी कंपनीची नोंदणी झाली. 1941 साली येथे जुळविलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात गेले, आणि 1942 च्या जुलैमध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमानही उडाले.

मात्र तोवर कारखान्याची मालकी बदलली होती. 1942 च्या एप्रिलमध्येच भारत सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. म्हैसूरने आपले भाग राखले, पण कारभारावरील हक्क सोडला. 1943 साली कारखाना अमेरिकन विमानदलाच्या हाती गेला. नव्या विमानांची बांधणी मागे पडली आणि दुरुस्ती हेच मुख्य काम झाले. स्वदेशी विमानाचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही पीछेहाटच होती, ह्यात शंका नाही.

बेल्लंदूरचे तळे उपयोगी पडले ते ह्याच काळात. कॅटालिना पाण्यावर उतरे आणि तेथून कारखान्यात नेली जाई. पाण्यातच विमानाला तात्पुरती चाके जोडावयाची व मग ते काठावर ओढून घ्यावयाचे, ही अशा विमानांची सर्वसाधारण रीत होय. कॅटालिनांबरोबर डकोटा आणि लिबरेटर विमानेही येथे येत. ह्या तिन्ही जातींची इंजिने प्रॅट अँड व्हिटनीच्या ‘ट्विन वास्प’ ह्या एकाच घराण्यातली. त्यामुळे एका विमानावर मिळविलेले ज्ञान दुसऱ्यावर वाया जात नसे.

युद्ध संपले आणि अमेरिकन निघून गेले. कानपूर येथे मोडून टाकलेली लिबरेटर विमाने बेवारशी पडून होती. ती पुन्हा वापरता येऊ नयेत, अशाच हेतूने त्यांची नासधूस करण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती उडण्याजोगी केली, बंगळूरला आणली आणि नव्याने सिद्ध केली. 1948 च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय वायुसेनेचे 5 क्रमांकाचे पथक त्यांवर उभे राहिले. पुढे 6 क्रमांकाच्या पथकाने हीच विमाने 1968 पर्यंत सागरी टेहळणीसाठी वापरली. कॅटालिनांनी सोडलेला पहारा अशा रीतीने बंगळूरच्याच कारागिरीने पुढे चालू ठेवला.

बांधणीचे स्वप्नही विझले नव्हते. कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे ह्यांनी गटिंगेन येथे प्रांटल ह्यांच्या हाताखाली अध्ययन केले होते, आणि 1940 पासून ते ह्या कारखान्यात होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. 2 हे शिकाऊ विमान 1951 च्या ऑगस्टमध्ये उडाले. वालचंद 1953 साली निवर्तले. म्हणजे भारतीय आराखड्याचे विमान त्यांच्या हयातीतच आकाशात गेले होते.

आज बेल्लंदूरचे तळे विषारी फेसासाठी आणि 2018 साली त्याच्या काठी लागलेल्या आगीसाठी ओळखले जाते. तेथे कधी काळी समुद्रावरची विमाने उतरत, ह्याची कसलीही खूण त्या पाण्यावर उरलेली नाही. पथके विसर्जित झाली, विमाने भंगारात गेली. उरली ती केवळ हातांनी कमावलेली विद्या. दुरुस्तीचे काम लोक दुय्यम समजतात. परंतु दुसऱ्यांची विमाने उकलता उकलताच बंगळूरच्या माणसांचे हात स्वतःचे विमान उभारण्यास तयार झाले, हे विसरता येत नाही.