पूर्वरूपाचा शोध : मधुमेहातील मूत्रपरीक्षेचा इतिहास

प्रस्तावना

मधुमेहाचे निदान आज रक्ततपासणीने होते. मात्र या रोगाच्या ज्ञानाचा आरंभ मूत्रपरीक्षेपासून झाला. मूत्रावरून प्रथम रोग ओळखला गेला, पुढे त्याच मूत्रावरून भावी उपद्रवांचा अंदाज बांधता येऊ लागला. या स्थित्यंतराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

साखरेकडून अल्ब्युमिनकडे

आयुर्वेदात प्रमेहाचे २० प्रकार मानले असून मधुमेह त्यांपैकी एक होय. शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होणे हे चरकसंहितेने प्रमेहाच्या पूर्वरूपांत गणले आहे. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीचे लक्षण. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मूत्राच्या गोडीची नोंद केली, तर मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये ती गोडी साखरेची असल्याचे दाखविले.

लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये मूत्रातील अल्ब्युमिनचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध जोडला. मधुमेहात मूत्रपिंडाच्या रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छांत होणारी विकृती किमेलस्टील व विल्सन यांनी १९३६ मध्ये वर्णिली. परंतु नेहमीच्या परीक्षेत अल्ब्युमिन सापडेपर्यंत मूत्रपिंडाची बरीच हानी झालेली असे.

सूक्ष्म अल्ब्युमिन

ब्राइट यांच्यानंतर १३६ वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच गायज रुग्णालयात हॅरी कीन व क्लोव्हेराकिस यांनी अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची पद्धती सिद्ध केली. ही अल्प वाढ भावी मूत्रपिंडविकाराची सूचक असल्याचे व्हिबर्ती व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले. प्रौढवयात होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाबाबत डेन्मार्कच्या मोगेन्सन यांनी १९८४ मध्ये तसाच निष्कर्ष मांडला. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन ही ती मर्यादा होय. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग वा अतिश्रम यांमुळेही प्रमाण वाढत असल्याने पुन्हा तपासणी करणे आवश्यक ठरते.

मूत्रपिंड व दृष्टिपटल या दोहोंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या मधुमेहात बिघडतात. म्हणून अल्ब्युमिन वाढलेल्या रुग्णात दृष्टिपटलविकाराची शक्यता अधिक असते. तथापि मूत्र शुद्ध असले म्हणजे डोळे निरोगी आहेत, असे ठरत नाही. नेत्रतपासणी स्वतंत्रपणे करावीच लागते. काही रुग्णांत तर अल्ब्युमिन न वाढताही मूत्रपिंडाची कार्यशक्ती घटते. म्हणूनच एनगॅल, किम-१ यांसारख्या नव्या जैवसूचकांचा अभ्यास सुरू आहे. परंतु व्यवहारात अल्ब्युमिनचे स्थान त्यांनी अद्याप घेतलेले नाही.

वर्धा परिसर

बोरगाव (मेघे) हे वर्धा शहरालगतचे गाव. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (१९६९) आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९९०) येथून जवळच आहेत. अशा परिसरात खरा प्रश्न अंतराचा नसून वेळेचा आहे. आरंभीच्या अवस्थेत वेदना नसते, सूज नसते. त्यामुळे तपासणीची निकड रुग्णास जाणवत नाही. त्यातच साध्या पट्टीने केलेल्या परीक्षेत सूक्ष्म अल्ब्युमिन बहुधा सापडत नाही, आणि ‘लघवीत काही नाही’ या अहवालाने रुग्ण निश्चिंत होतो.

समारोप

पूर्वरूप ओळखावे, ही दृष्टी प्राचीन. ते मोजण्याचे साधन मात्र अर्वाचीन आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण व दृष्टिपटल या दोहोंची तपासणी झाली, तरच या दीर्घ संशोधनाचे फळ सामान्य रुग्णाच्या पदरी पडेल.