फिल्टर बदलला, पण ताकद कुठे वाढली?

स्पोर्ट्स कार घेतली की पहिला सल्ला मिळतो तो एअर फिल्टर बदलण्याचा. पूर्वपक्ष असा : कंपनी स्वस्तात पडतो म्हणून कागदी फिल्टर बसवते, त्याने इंजिनाचा श्वास कोंडतो, तेल लावलेल्या सुती जाळीचा किंवा उघडा कोन फिल्टर बसवला की ताकद वाढते, मायलेजही सुधारतं. हवा जास्त मिळाली तर ताकद वाढते, हे निर्विवाद. पण कागदी फिल्टर हवा अडवतो किती, हे कुणी मोजायला जात नाही.

टोयोटा जीटी 86 घेऊ. 2012 साली आलेली ही गाडी. टर्बो नसलेलं 2 लिटरचं इंजिन, 7000 आरपीएमला 200 अश्वशक्ती. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे या वेगाला मिनिटाला साधारण 7000 लिटर हवा. ती ओढताना नव्या कागदी फिल्टरपाशी दाब 5 सेंटिमीटर पाण्याइतका घटतो असं धरू. वातावरणाचा दाब सुमारे 1033 सेंटिमीटर पाण्याइतका. तूट झाली अर्ध्या टक्क्याची, म्हणजे एका अश्वशक्तीची. फिल्टर काढूनच टाकला तरी याहून जास्त काही हाती लागणार नाही.

मायलेजचा दावा तर टिकतच नाही. रोजच्या चालवण्यात हवा मुळात थ्रॉटलच अडवून धरतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 2009च्या अहवालानुसार, आधुनिक इंजेक्शन गाड्यांत फिल्टर मुद्दाम तुंबवला तरी इंधनखपतीत लक्षणीय फरक पडला नाही. पिकअप मात्र मंदावला. म्हणजे तुंबलेला फिल्टर वेळेवर बदलावा, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? आवाजामुळे. हे कारखान्यालाही ठाऊक आहे. जीटी 86 मध्ये इनटेकचा आवाज केबिनपर्यंत आणणारी वेगळी नळीच दिलेली आहे. ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राचा आलेख पुढे केला जातो, पण ती चाचणी बहुधा बॉनेट उघडं ठेवून, समोर मोठा पंखा लावून होते. रस्त्यावर बॉनेट बंद असतं आणि उघडा कोन फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. हवा 30 अंशांवरून 40 अंशांवर गेली की तिची घनता तीन टक्क्यांनी घटते. वाचवायचा होता अर्धा टक्का!

खरा तोटा धुळीचा. धूळ गाळण्याचे 99 टक्के आणि 97 टक्के हे आकडे जवळचे वाटतात. पण पहिला फिल्टर शंभरातला एक भाग धूळ आत सोडतो, दुसरा तीन. तिप्पट धूळ. त्यातले वाळूचे कण ओतीव लोखंडाहून कठीण असतात. रिंगा आणि सिलिंडर झिजतात, इंजिन ऑइल खाऊ लागतं. आपल्याकडे रस्त्यांची कामं बारमाही चालतात, तिथे हा हिशेब आणखी महाग पडतो. शिवाय सुती जाळीला तेल जास्त लागलं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसू शकतं आणि मोजणी चुकते.

याचा अर्थ बाहेरचा फिल्टर घेऊच नये असा नाही. ट्रॅकवर धावणारी, इंजिन वारंवार उघडलं जाणारी गाडी असेल, किंवा टर्बोचा दाब वाढवून हवेची गरज दीडपट केली असेल, तर तो योग्यच. मात्र मूळ डब्यात बसणारा पॅनेल फिल्टर घ्यावा. थंड हवेची वाट मोडू नये. विक्रेत्याकडे आयएसओ 5011 चाचणीचा अहवाल मागावा. गाळण्याची टक्केवारी, किती प्रवाहाला दाबाची किती तूट आणि धूळ साठवण्याची क्षमता हे तिन्ही आकडे त्यात हवेत, चाचणीची धूळ बारीक होती की जाड हेही हवं. नुसता ‘हवा इतकी जास्त’ असा एकच आकडा दाखवला तर तो फिल्टर घेऊ नये.

बसवल्यावर काही आठवड्यांनी फिल्टरच्या पुढचा पाइप सोडवून आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर करडी पूड आली तर आधी रबराची कड नीट बसली आहे का ते तपासावं, आणि ती ठीक असेल तर कागदी फिल्टर परत लावावा.