पेण-रोह्याकडील संग्राहक व रिमफायर रिव्हॉल्व्हर

जुन्या वाड्यांत दप्तराचे रुमाल सोडतांना कागदांबरोबर एखादें हत्यार हातीं येणें संभवतें. तरवार, कट्यार व जामगीची बंदूक यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. रिव्हॉल्व्हर मात्र अलीकडची वस्तु म्हणून उपेक्षित राहिलें. तें सांपडलें असतां तें विरंगुळ्याच्या नेमबाजीस चालेल काय, आणि न चालल्यास परवडणारें दुसरें कोणतें घ्यावें, असे दोन प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें त्यांचें उत्तर किंमतींच्या यादींत नसून शस्त्राच्या व कायद्याच्या इतिहासांत आहे.

ज्या काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेंत स्फोटक मसाला असतो व घोड्याचा ठोका त्या कडेवरच पडतो, तें रिमफायर होय. ज्याच्या बुडाच्या मध्यभागीं टोपी असते, तें सेंटरफायर. पहिल्या प्रकाराचें बीज फ्रान्सांतील फ्लोबेर यानें १८४५ च्या सुमारास घातलें. अमेरिकेंत स्मिथ व वेसन यांनीं १८५७ सालीं .२२ व्यासाचें सात बारांचें रिव्हॉल्व्हर काढलें. आरपार छिद्रें पाडलेल्या चक्राचें पेटंट रोलिन व्हाइट यास १८५५ सालीं मिळालें होतें. त्याची मुदत १८६९ सालीं संपतांच अमेरिकेंत व बेल्जमांतील लिएज शहरीं स्वस्त रिव्हॉल्व्हरांची एकच गर्दी झाली. आज नेमबाजींत चालणारें '.२२ लाँग रायफल' काडतूस १८८७ चें आहे. याचें पितळ पातळ, दाब कमी, धक्का हलका व किंमत अल्प. मात्र एकदां उडालेलें पुन्हां भरतां येत नाहीं.

संग्राहकानें प्रथम जाणत्याकडून हत्यार रिकामें असल्याची खात्री करून घ्यावी. नंतर घोड्याचें टोंक कडेवर पडतें कीं मध्यावर, तें पाहावें. लिएजच्या परीक्षागृहाची लंबगोलांतील तीन रोमन अक्षरांची मोहोर असून तिच्यावर मुकुट असल्यास ती १८९३ नंतरची समजावी. चाप ओढून पाहूं नये, कारण रिकाम्या ठोक्यानें चक्राच्या कोठ्याची कड दबते. एकोणिसाव्या शतकांतील हीं हत्यारें काळ्या दारूसाठीं घडलेलीं, व कोंकणच्या दमट हवेनें गंजलेलीं असावयाचीं. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा बार त्यांत उडविणें म्हणजे स्वतःच्या हातास अपाय ओढवून घेणें होय. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आहे.

आतां कायदा पाहूं. १८५७ चा २८ वा व १८६० चा ३१ वा हे कायदे प्रजेचीं शस्त्रें आंवळण्यासाठींच झाले. १८७८ च्या ११ व्या कायद्यानें परवाना सार्वत्रिक केला, पण गोऱ्यांस त्यांतून सूट ठेवली. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ आक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्याच्या १३ व्या कलमांत एक मार्मिक भेद आहे. पीक-संरक्षणासाठीं ठासणीची बंदूक, तसेंच मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठीं .२२ ची रायफल, यांचा त्यांत नांवानिशीं उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हराचा तसा उल्लेख नाहीं. त्यासाठीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास सबळ कारण पटवावें लागतें.

पेण व रोहें हे भातशेतीचे व डोंगरालगतचे तालुके. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या कुळास ठासणीची बंदूक कां मिळूं शके व रिव्हॉल्व्हर कां दुर्मिळ, याचा उलगडा या भेदानें होतो. अलीबागेहून निघालेल्या परवान्यांवर १९८१ पूर्वीं 'कुलाबा' व पुढें 'रायगड' हें जिल्ह्याचें नांव यावयाचें. बिनतारखेच्या कागदाचा काळ ठरविण्यास ही खूण उपयोगी पडेल.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर यांतूनच निघतें. परदेशी हत्यारांची खासगी आयात गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत जवळजवळ बंद झाल्यामुळें तिकडचें स्वस्त हत्यार येथें महागच पडतें. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांत पुढची माशी व मागची खांच जवळ असल्यानें हाताची लहान चूक निशाणावर मोठी होते. केवळ नेमबाजी हाच हेतु असेल, तर क्लबामार्फत .२२ ची रायफल हाच सुलभ मार्ग होय. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यानें पॅरिस येथें २०२४ सालीं कांस्यपदक मिळविलें, तें अशाच रिमफायर रायफलीवर.

राहिला सांपडलेल्या हत्याराचा प्रश्न. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांची वस्तु पुरावस्तु ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. परंतु केवळ वय झाल्यानें शस्त्र परवान्यांतून सुटत नाहीं. ४५ व्या कलमाची सवलत ज्या जुन्या हत्यारास आहे, तें दुरुस्तीनेंही बार काढण्यास असमर्थ असलें पाहिजे. गंजलेलें पण दुरुस्त होण्याजोगें रिव्हॉल्व्हर परवान्यावांचून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. तें विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावें, असें २१ वें कलम सांगतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, हत्यार लपवूं नये, व त्याचा परवाना, पावत्या व काडतुसांच्या नोंदी रद्दींत घालूं नयेत. हत्यार कायद्याच्या स्वाधीन करावें लागलें तरी त्याचे कागद अभ्यासकास उपलब्ध राहतात. कोणाच्या हातीं शस्त्र असावें व कोणाच्या नसावें, हें त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांनीं कसें ठरविलें, याची साक्ष त्या कागदांतच सांपडेल.