पोस्टमन नक्की कुणाचा?

श्रीगोंद्याहून पोस्टाने पाठवलेला प्रवेश परीक्षेचा फॉर्म शेवटच्या तारखेनंतर पोचला, तर उशीर कुणाच्या खात्यावर मांडायचा? आपल्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टँप कुठला धरायचा, पाठवल्याचा की पोचल्याचा?

गंमत म्हणजे या वादात उमेदवारांच्या उपयोगी पडेल असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे कंदिलांचा! कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना, तोच तो 'प्रभाकर' कंदीलवाला. ओगलेवाडी तेव्हा औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर. कंपनीने भारत सरकारला कंदील पुरवले आणि बिलात लिहिलं, की पैसे मुंबईच्या बँकेवरच्या चेकने पाठवा. सरकारने दिल्लीहून चेक पोस्टात टाकले. इन्कम टॅक्सवाले म्हणाले, चेक दिल्लीत पोस्टात पडला तिथेच पैसे तुम्हाला मिळाले, टॅक्स काढा. कंपनी म्हणाली, छे, आम्हाला तर ते औंधात मिळाले.

१९५४ साली कोर्टाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. तुम्हीच पाठवायला सांगितलंत ना, मग पोस्ट हे तुमचंच एजंट. कुणी न सांगता पाठवलं असतं तर ते पाठवणाऱ्याचं एजंट ठरलं असतं.

आता हेच लॉजिक फॉर्मला लावून बघा. 'अर्ज पोस्टानेच पाठवावा' असं परीक्षा घेणारेच छापतात. मग पोस्ट त्यांचंच एजंट नको का? मला तर हा युक्तिवाद एकदम पटतो. पण समोरचा वकीलही काही कच्चा नसतो. तो १८७२ चा करार कायदा काढतो. प्रस्ताव समोरच्याला कळला तेव्हाच पोचला असं धरतात. स्वीकृती मात्र पोस्टात पडली, की प्रस्ताव देणाऱ्यावर बंधनकारक. आणि अर्ज हा फार तर प्रस्ताव. शिवाय जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात असतंच: 'टपालातील विलंबास आम्ही जबाबदार नाही.'

बरं, मग पोस्टावर केस टाकावी? १८९८ च्या पोस्ट कायद्याच्या कलम ६ ने तेही दार लावून ठेवलं होतं. पत्र हरवो, उशिरा पोचो, सरकार जबाबदार नाही, आणि कर्मचाऱ्याने मुद्दाम किंवा लबाडीने केलं नसेल तर तोही नाही. म्हणजे उशीर झाला हे सगळ्यांना मान्य, पण वर्ष जाणार फक्त पोराचं!

माझ्या मामाचं गेलं. नव्वदच्या दशकात त्याचा फॉर्म 'मुदतीनंतर प्राप्त' असा शिक्का घेऊन परत आला. पोस्टाची पावती त्याने अजून जपून ठेवलीय. कोर्टात जायला पैसे कुठले?

उशीर सगळीकडे सारखा नसतो, हे यूपीएससीलाही मान्य होतं. ईशान्येची राज्यं, सिक्कीम, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा ठिकाणांहून पोस्टाने येणाऱ्या अर्जांना ते एक आठवडा जास्त देत. श्रीगोंदा अर्थातच त्या यादीत नव्हतं. दौंड-मनमाड लाइनवरच्या गावाला दुर्गम कोण म्हणणार? पण मुंबईचा पोरगा शेवटच्या दिवशी फॉर्म हातोहात देऊन यायचा, आणि आमच्याकडच्याला चार दिवस आधीच शेवटची तारीख लागायची.

तो १८९८ चा कायदा आता नाही. २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. नियमांत सांगितली असेल तेवढीच जबाबदारी, बाकी नाही, असं त्यातही आहेच. आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये? शेवटच्या रात्री सर्वर लटकला, तर टाइमस्टँप त्यांच्याच सर्वरचा धरतात.