काळोखाचे स्थलांतर : नारळीकरांच्या विज्ञानकथांच्या फेरवाचनातून

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात एक विमान ढग शोधत हिंडत असे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हाती घेतलेला तो कृत्रिम पावसाचा प्रयोग होता. ढगाच्या तळाशी जायचे, ओलावा शोषून घेणाऱ्या क्षाराचे सूक्ष्म कण सोडायचे आणि त्यामुळे पाऊस वाढतो का हे रडार व पर्जन्यमापकांवर पाहायचे. पर्जन्यछायेतला हा जिल्हा त्यासाठी निवडला गेला यात नवल नाही. आमच्यापैकी ज्यांनी जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' वर्गात शिकवली होती, त्यांना मात्र मान वर करून पाहताना थोडे चमत्कारिक वाटले. त्या कथेतही माणसे धातूचे बारीक कण वातावरणात सोडून हवामान वळवू पाहतात. अर्थात तिथे प्रश्न अवघ्या पृथ्वीच्या गोठण्याचा आहे आणि इथे खरिपाच्या चार सरींचा.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर आम्ही त्यांच्या विज्ञानकथा आणि कादंबऱ्या पुन्हा एका ओळीने वाचून काढल्या. सुट्या वाचल्या तर त्या वेगवेगळ्या कल्पनांच्या कथा वाटतात. सलग वाचल्या की ती एक मालिका असल्याचे जाणवते, आणि त्या मालिकेत काळोख एका जागी राहत नाही असेही दिसते. पाठ्यपुस्तकी टीपांतून त्यांच्या कथांवर 'आशावादी' आणि 'विज्ञानप्रसारक' अशी दोन लेबले कायमची चिकटली आहेत. विद्यार्थी तीच परीक्षेत उतरवतात. ती अगदी खोटी नाहीत, पण अपुरी आहेत, आणि या अपुरेपणामुळे आपण एका लेखकाला निष्कारण बाळबोध करून ठेवले आहे असे आम्हांस वाटते.

आरंभाची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. १९७२ साली केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या नारळीकरांनी अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना कथा लिहायला घेतली. १९७४ साली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव बनवले होते. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून कथा उतरवून घेतली. ही कथा 'कृष्णविवर', आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 'किर्लोस्कर'च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांना लिहिते ठेवले आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेचे स्वागत केले. 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ चा.

या पहिल्या टप्प्यात काळोख आकाशात आहे, आणि शब्दशः आहे. प्रकाशालाही सुटू न देणारा तारा ही कथाकाराला आयती मिळालेली प्रतिमा होती. एखाद्या भयकथाकाराने तिचे काय केले असते याची कल्पना नारायण धारपांच्या वाचकांना सहज करता येईल. धारपांच्या हाती अज्ञात गोष्ट दाराशी येऊन थांबते, आत येते आणि माणसाचा ताबा घेते. नारळीकर त्या अज्ञाताभोवती एक कक्षा आखतात, काळ किती मंदावेल ते सांगतात आणि भयाची धार तिथेच बोथट होते. गणित समजले की काळोख परका राहत नाही, अशी या कथांची श्रद्धा आहे. सूरही तसाच हलका. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये क्रिकेटचे मैदान आहे, थट्टा आहे. वस्तूची आरशातल्यासारखी उलटापालट व्हावी ही मुळात बेचैन करणारी कल्पना तिथे गंमतीच्या अंगानेच येते.

पण याच काळातल्या 'धूमकेतू'मध्ये पहिली तडा दिसते, आणि आमच्या मते संपूर्ण मालिकेची किल्ली तिथे आहे. कोलकात्याचे हौशी खगोलनिरीक्षक दत्ता एक धूमकेतू शोधतात. त्याला त्यांचे नाव मिळते. मग कळते की तो पृथ्वीवर आदळणार आहे. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात, अणुस्फोटाने त्याची वाट वळवण्याची योजना आखतात. दत्ता घरी परततात तो घरात धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञाची तयारी चाललेली, आणि नातवालाही त्यात बसवायचे ठरलेले. धूमकेतू टळतो. इंद्राणीदेवींना तो यज्ञाने टळला असे वाटते. दत्तांना राग येतो, पण त्या रागाचे करायचे काय हे त्यांना समजत नाही. आकाशातले संकट कथेच्या शेवटी दूर निघून जाते. दिवाणखान्यातला अंधार तसाच राहतो. लेखकाने त्याच्यावर अणुस्फोटासारखा उतारा शोधलेला नाही. इंद्राणीदेवी दुष्ट नाहीत, प्रेमळ आहेत, आणि म्हणूनच हा शेवट बोचतो. विद्यार्थी येथे हमखास 'अंधश्रद्धेवर प्रहार' असे लिहितात. प्रहार कुठे आहे? तिथे आहे ती हतबलता.

ती हतबलता कागदावरची नव्हती. २००८ मध्ये नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० जन्मकुंडल्या जमवल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांकडे पाठवल्या. उत्तरे पाठवली २७ ज्योतिषांनी. त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून ठरवले असते तरी याहून वाईट झाले नसते. या निकालाने कुंडली पाहणे थांबले असे कोणी म्हणणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात भर सकाळी खून झाला. 'धूमकेतू' त्यानंतर वाचणाऱ्याला इंद्राणीदेवींच्या घरातले सौम्य वातावरण मूळच्या वाचकाइतके सौम्य वाटणे शक्य नाही. कथेतले एक अक्षर बदललेले नाही. तरी तिचा सूर काळवंडला आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही अनेकांची आवडती कथा. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झाले असते, याचा विचार करणारे गंगाधरपंत अपघातानंतर तशाच एका जगात जाऊन पोचतात. वाचक सुखावतो, आणि लेखक त्याला सुखावू देतो. पण नीट पाहिले तर या जिंकलेल्या जगातही गंगाधरपंतांना जागा नाही. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून ते बोलायला उभे राहतात, आणि भाषणबाजीला विटलेले लोक त्यांना पिटाळून लावतात. प्रसंग विनोदी आहे, पण त्याच्या तळाशी एक प्रश्न आहे : इतिहास आपल्याला हवा तसा वळला, तरी त्यात आपण असू का? सोलापूरकरांना हा प्रश्न अपरिचित नाही. मे १९३० मध्ये या शहरातून इंग्रजी अंमल काही दिवस उठला होता. मग लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. 'असे झाले असते तर' हा आमच्याकडे केवळ कल्पनाखेळ नाही. ते काही दिवस खरोखर येऊन गेले आहेत.

'हिमप्रलय'मध्ये काळोख घरातून निघून कचेरीत शिरतो. वसंत चिटणीसांनी हिमयुगाचा इशारा दिलेला असतो, तो कोणी मनावर घेत नाही. मग मुंबईत बर्फ पडते. मुले आनंदाने त्यात खेळतात. मालिकेतले हे आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र वाटते. पंचेचाळीस अंशांच्या सोलापुरी मे महिन्यात बर्फाचे वर्णन वाचून पहिल्या बाकावरची मुले हसतात, म्हणजे कथेतल्या मुलांप्रमाणेच वागतात. आपत्ती सुरुवातीला सुट्टीसारखी दिसते, हे लेखकाने एका ओळीचेही भाष्य न करता दाखवले आहे. इथे उपाय सापडतो, पण वेळ निघून गेल्यावर आणि फार मोठी किंमत मोजून.

कादंबऱ्यांत सूर आणखी बदलतो. 'प्रेषित' (१९८३) मध्ये परग्रहावरून आलेले मूल माणूस म्हणून वाढते. तिथली छाया एकाकीपणाची आहे, विनाशाची नाही. 'वामन परत न आला' (१९८६) ही मात्र या मालिकेतली सर्वांत गडद कृती. उत्खननात एका अतिप्रगत, नामशेष संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या सूचनांबरहुकूम शास्त्रज्ञ आधी 'गुरू' हा संगणक आणि मग 'वामन' हा यंत्रमानव घडवतात. वामनाला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात. बळीच्या दारी आलेला बटू तीन पावले मागतो, ही कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला पुढचे सांगावे लागत नाही. इथे संकट आकाशातून आलेले नाही, अज्ञानातून नाही, दिरंगाईतूनही नाही. ते ज्ञानाच्या उत्कंठेतून आले आहे. म्हणजे पहिल्या टप्प्यात ज्या गोष्टीने काळोख हटवला, तिच्याच पोटी आता तो जन्मतो. 'कृष्णविवर'पासून येथवर बारा वर्षे झाली. पुढे 'व्हायरस' (१९९६) मध्ये यंत्रे स्वतःच आजारी पडतात, आणि थट्टेचा सूर जवळजवळ मावळतो.

या सर्वांवर जुना आक्षेप असा की नारळीकरांची पात्रे सपाट आहेत, त्यामुळे काळोख कळतो पण जाणवत नाही. आक्षेपात तथ्य आहे. सुबोध जावडेकरांची 'आकांत' शेजारी ठेवली की ते लगेच पटते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या भोपाळ दुर्घटनेवरची ही कादंबरी रासायनिक अभियंत्याने लिहिली आहे, आणि तिच्यातले भय शरीराला भिडते. नारळीकरांना गुदमरणारे शरीर लिहिता आले नाही, किंवा लिहायचे नव्हते. त्यांचा निवेदक अहवाल लिहिल्यासारखा शांत असतो. मात्र 'वामन'मध्ये हीच शांतता कामी येते असे आमचे मत आहे. इतक्या समजूतदार, सभ्य माणसांच्या हातून, इतक्या व्यवस्थित बैठकांतून विनाश घडत जातो, तेव्हा आरडाओरडा करणारा निवेदक तिथे खोटा ठरला असता. 'धूमकेतू'त मात्र इंद्राणीदेवींना आणखी दोन पाने मिळायला हवी होती, ही आमची तक्रार कायम आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. हा मान मिळालेले ते पहिले विज्ञानलेखक. गौरवाच्या भाषणांत पुन्हा 'आशावाद' हाच शब्द ऐकू आला.

सोलापूरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २७६ ढगांची निरीक्षणे आणि वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस. पेरलेला प्रत्येक ढग बरसतोच असे नाही, हेही त्यात नमूद आहे. आकडे 'हिमप्रलय'च्या वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, विमान आमच्या गावावरून गेले आणि पाऊस पलीकडच्या तालुक्यात पडला तर तो पाऊस कोणाचा? वसंत चिटणीसांच्या कथेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिने तो कथेच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवला.